दहा माणसं आणि एक राजनंदिनी

चौदा देश फिरून आलेली मुलगी भूगोलात नापास झाली, म्हणून ती माझ्याकडे आली. चाळीसपैकी अकरा. उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवताना तिच्या आईला लाज वाटत होती आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. चौतीस वर्षं मी मुलांना आल्प्स शिकवला. शिखरं, खिंडी, हिमनद्या, सगळं तोंडपाठ. पाहिला कधीच नाही. माझा परदेश म्हणजे काठमांडू, तेही शाळेच्या सहलीबरोबर, पोरांच्या उलट्या निस्तरत. त्यामुळे आल्प्सवर दोनदा जाऊन आलेल्या मुलीनं 'आल्प्स पर्वत कोणत्या खंडात आहे' याचं उत्तर 'स्वित्झर्लंड' असं लिहिलेलं पाहून मला जे वाटलं ते शिक्षिकेला शोभणारं नव्हतं.

मी मूळची नारायण पेठेतली. मुलानं वाघोलीला फ्लॅट घेतला आणि निवृत्तीनंतर मला इथे आणून ठेवलं. आमची अकरा मजली सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती हिंदुरावांची. माझ्या स्वयंपाकघराच्या जागी कधीकाळी हरभरा व्हायचा म्हणे. आता हिंदुरावांचा सोसायटीसमोर बंगला आहे, शेजारी मंगल कार्यालय आहे आणि राजनंदिनी ही त्यांची बारा वर्षांची थोरली मुलगी. पेठेत मी सगळ्यांची बाई होते, इथे आल्यावर मुलं टीचर म्हणायला लागली. फक्त हिंदुराव मला बाई म्हणतात. त्यामुळे ते मला पहिल्यापासून आवडतात, आणि म्हणूनच पुढचं सगळं माझ्यासाठी अवघड होऊन बसलं.

हे कुटुंब परदेशातून आलं की गावच्या चौकात फ्लेक्स लागतो. 'युरोप दौरा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मध्यभागी हिंदुराव, डोळ्यांवर काळा गॉगल, मागे बर्फ. वरच्या कोपऱ्यात त्यांचे वडील सोनबा फेट्यात आणि आई दुर्गाबाई नऊवारीवर स्वेटर घालून. मग काका, काकू, आत्या, राजनंदिनीची आई, धाकटा भाऊ साई, काकांची दोन जुळी पोरं. भावकीत कोणी दुबई केली की यांना युरोप करावा लागतो, कोणी युरोप केला की यांना आणखी लांबचं काहीतरी शोधावं लागतं. अकरा माणसांचा हा तांडा. त्यात राजनंदिनीचा फोटो सगळ्यांत खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत, कुणाच्या तरी कोपराखाली. तो फ्लेक्स पाहून मला वाटायचं, नशीब घेऊन आली आहे पोरगी. आयतं जग फिरायला मिळतंय आणि डोक्यात काही शिरत नाही.

पहिल्याच दिवशी तिनं मी दिलेली खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली. मी विचारलं, तर म्हणाली, "दाराकडे पाठ करून नाही बसता येत मला, टीचर." लिफ्ट वाजली की ती बघायची. शेजारच्यांच्या दाराची कडी वाजली की उठायची. माझ्याकडे आणखी तीन मुलं येत होती, त्यांच्यातलं एक पाणी प्यायला आत गेलं की ते परत येईपर्यंत हिचा पेन हवेतच.

"खुर्चीला खिळे आहेत का?" मी एकदा विचारलं.

"नाही, टीचर."

"मग बूड टेकायला काय घ्याल आपण?"

ती बसली. पण बसल्या बसल्या तिचा एक पाय हलतच होता.

मी ठरवलं, जे पाहिलंय त्यावरून शिकवायचं. म्हटलं, पॅरिसला गेली होतीस ना, काय पाहिलंस सांग.

"टॉवरच्या तिथे टॉयलेटला खूप लाइन असते. आजीला आधीच न्यावं लागतं, मग वर जायचं."

"आणि टॉवर?"

"होता."

"बरं. अ‍ॅमस्टरडॅम?"

"तिथलं स्टेशन मोठं आहे. दोन्ही साइडनी बाहेर पडता येतं, दॅट्स द प्रॉब्लेम."

"आणि स्वित्झर्लंड? बर्फ, डोंगर, काहीतरी?"

तिनं खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घालून. "ट्रेनचं दार आपोआप बंद होतं तिथे. बटण दाबून धरलं तर उघडं राहतं. म्हणून मी सगळ्यात शेवटी चढते."

मला आधी वाटलं ही माझी टर उडवते आहे. पेठेत वाढलेल्या माणसाला समोरच्याचं साधं बोलणंही आधी टोमणाच वाटतं. मग वाटलं, मुलगी मंद आहे. तिसऱ्या आठवड्यात माझी ट्यूब पेटली. ही मुलगी चौदा देशांत सहलीला गेलेलीच नव्हती. ती चौदा देशांत ड्युटीवर गेली होती.

याची सुरुवात सिंगापूरला झाली. राजनंदिनी तेव्हा सात वर्षांची. पहिलाच परदेश, म्हणून हिंदुरावांनी सगळ्यांना एका टूर कंपनीबरोबर नेलं होतं. एके दिवशी सोनबा बसपाशी उशिरा पोचले, कारण रस्त्याकडेला गवत कापायचं मशिन चालू होतं आणि ते त्यांना पुरतं बघायचं होतं. बस वीस मिनिटं थांबली. टूर मॅनेजर माइकवर म्हणाला, "आजोबा, हे वाघोली नाही." अख्खी बस हसली. हिंदुराव हसले नाहीत. परत येताना विमानतळावर कुठल्याशा फॉर्मपाशी त्यांचं अडलं, खिडकीतली बाई तेच तेच इंग्रजीत विचारत राहिली आणि मागे त्याच बसमधले लोक उभे. तेव्हा इंग्लिश मीडियमच्या दुसरीत शिकणारी ही पोरगी टाचा उंच करून त्या बाईशी बोलली. दोन मिनिटांत काम झालं.

त्या दिवसापासून हिंदुरावांनी कंपनीचं नाव टाकलं. आपली पोरगी आहे की. मधली दोन वर्षं सगळं जगच बंद होतं, ती सोडली तर वर्षातून दोनदा ही माणसं निघतात. तिकिटं, हॉटेलं एक ओळखीचा एजंट करून देतो. एकदा विमान सुटलं की सगळं राजनंदिनीवर. अकरा पासपोर्ट तिच्या गळ्यात. गेट नंबर तिला पाठ. हॉटेलच्या खोल्या ती वाटते, आत्याच्या बीपीच्या गोळ्या ती विचारते, भाजीत बीफ नाही ना हे वेटरकडून ती तीनदा वदवून घेते. तिची आई बारावी आहे, काका पदवीधर आहेत, इंग्रजी दोघांनाही वाचता येतं. पण बोलायची वेळ आली की सगळ्यांच्या माना हिच्याकडे वळतात.

बरं, मग डोळे तर उघडे होते ना? हे मी तिला विचारलं. एवढं सगळं करतानाही माणूस चालता चालता डोंगर बघतो. तिनं बराच वेळ पेनचं टोपण लावलं, काढलं. मग व्हिएन्नाचं सांगितलं.

दहा वर्षांची होती. एका मोठ्या चौकात एक माणूस दोन काठ्यांना दोरी बांधून साबणाचे फुगे करत होता. एकेक फुगा हिच्याहून मोठा. "त्याच्यात चर्च उलटं दिसत होतं, टीचर." ती बघत उभी राहिली. पाच मिनिटं, असं तिचं म्हणणं. भानावर येऊन तिनं माणसं मोजली तर नऊच. सोनबा नव्हते. दीड तास शोधाशोध झाली. दुर्गाबाई फुटपाथवर बसून रडत होत्या. राजनंदिनी पोलिसाला आजोबांचा फेटा हातानं दाखवत होती. शेवटी सोनबा सापडले तिथे घोडागाड्या उभ्या असतात त्या ठिकाणी. एका पांढऱ्या घोड्याची मान खाजवत होते, आणि गाडीवाल्याला मराठीतून सांगत होते की याच्या डाव्या खुराकडे बघ. गाडीवाला मान डोलावत होता. सोनबांच्या मते ते हरवलेच नव्हते.

सगळे हसले, जेवले. झोपायच्या आधी काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "तुझ्या भरवशावर आलोय आणि तू फुगे बघत बसली व्हय गं."

"काकू रागावली नव्हती," राजनंदिनी मला म्हणाली. "ती खरंच विचारत होती."

तेव्हापासून तिनं काही बघितलेलं नाही. म्हणजे मुद्दाम नाही. डोळा कशावर टिकायला लागला की ती माणसं मोजायला लागते. घरीसुद्धा. माझ्याकडेसुद्धा. चौघं मुलं आणि मी, पाच. हे ऐकून मला माझ्या आल्प्सच्या हेव्याची लाज वाटली. नापास ती नव्हती झाली. तिला पर्वत दाखवायला नेलं, आणि वर बघायला फुरसतच दिली नाही.

सप्टेंबरात तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. मला कारण माहीत होतं. दिवाळीच्या सुट्टीत लिस्बन ठरलं होतं. भावकीतलं अजून कोणी पोर्तुगालला गेलं नव्हतं.

"या वेळी कुणीतरी हरवणार, टीचर," ती एकदा वहीत मान घालून म्हणाली. "मला माहितीये. साई आता पळतो. आजोबांना ऐकू कमी येतं. ट्राममध्ये दोन दारं असतात. मला सगळे नाही दिसत एका वेळी."

"मग सांग घरी. नाही यायचं म्हणून."

"सांगितलं."

ते कसं सांगितलं तेही कळलं. बंगल्याच्या पडवीत हिंदुराव, काका आणि गावातले दोघं बसले होते, लिस्बनच्याच गप्पा चालल्या होत्या. ही जाऊन म्हणाली, बाबा, मला नाही यायचं. दुर्गाबाईंनी तिथूनच तिला आत पाठवलं. मोठी माणसं बोलताना मधे बोलायचं न्हाई, पोरीच्या जातीनं तर न्हाईच. आई स्वयंपाकघरात होती, तीही म्हणाली, पाहुण्यांसमोर काय हे. राजनंदिनीला याचा राग नव्हता आला. तिला ते विचित्र वाटत होतं. "तिथे आजी मला विचारल्याशिवाय पाणी पण पीत नाही, टीचर. आणि इथे म्हणते आत जा."

मी उठले आणि बंगल्यावर गेले. मधे पडायची मला सवय आहे, त्यापायी सुनेशी दोनदा वाजलंही आहे. हिंदुराव कार्यालयाच्या ऑफिसात होते. मला पाहून उभे राहिले, पंखा माझ्याकडे वळवला, चहा सांगितला. माणूस चांगला. तीच पंचाईत.

मी चहा यायच्या आत बोलून टाकलं. "हिंदुराव, तुमच्या मुलीला सहलीचा त्रास होतो. पोट दुखतं ते त्यानंच. दहा माणसांची काळजी बारा वर्षांच्या मुलीनं करायची हे काही बरोबर नाही. एखादा गाइड घ्या."

ते हसले. "अवो बाई, एन्जॉय करतीया ती. पोरांना काय, हुंदडायला मिळतं."

"तुम्ही विचारलंत तिला?"

"लेकराला काय इचारायचं त्यात? तुमी बघाच." त्यांनी फोन काढला आणि मला व्हिडिओ दाखवायला लागले. आता आल्प्स येणार म्हणून मी चष्मा लावला. पहिला व्हिडिओ एका हॉटेलच्या काउंटरचा. राजनंदिनी पाठमोरी, दोन वेण्या, समोर कोटातला माणूस, आणि ती भराभर बोलते आहे. दुसरा रेल्वेच्या तिकीट खिडकीचा. पुन्हा ती पाठमोरी. तिसऱ्यात ती एका टॅक्सीवाल्याशी वाद घालते आहे. चौथ्यात पुन्हा हॉटेल. असे चाळीस तरी असतील. डोंगर एकाही व्हिडिओत नव्हता. तलाव नाही, चर्च नाही, टॉवर नाही. प्रत्येक देशात हिंदुरावांनी आपल्या बोलणाऱ्या मुलीची पाठ तेवढी घेतली होती.

"बघा की, कशी फाडफाड बोलती," ते म्हणाले. आवाज असा खाली आणून म्हणाले, की गाइडचं नाव मी पुन्हा काढलं नाही. एरवी मी एखादा विषय अर्धवट सोडणं हे पुण्यात बातमी होण्यासारखं आहे. मी चहा प्यायले आणि हात हलवत परत आले. त्या रात्री मला स्वतःचाच राग येत होता. त्या माणसाकडून काय हिसकावून घ्यायला गेले होते ते मला तिथे गेल्यावर कळलं होतं, आणि तरी मुलीचं पोट दुखत होतंच.

निघायच्या आदल्या दिवशी राजनंदिनी वही द्यायला आली. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "इथे तुझं कोणी ऐकत नाही ना? मग तिथे बोल. तिथे तर सगळे तुझ्या तोंडाकडे बघत असतात."

"माझं नाही ऐकत, टीचर," ती म्हणाली. "काउंटरवरचा माणूस काय म्हणतो ते ऐकतात. मी फक्त सांगते."

हे ती तक्रार म्हणून बोलली नाही, दुरुस्ती म्हणून बोलली. आणि खाली गेली. मी खिडकीतून पाहिलं तर सोसायटीच्या गेटपाशी तिनं साईचा हात धरला, रस्ता दोन्हीकडे बघितला, पुन्हा बघितला, मग पलीकडे गेली. रस्ता रिकामा होता.

ते नऊ दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझा काय संबंध, असं मी स्वतःला दिवसातून चारदा बजावलं. लिस्बनचं हवामान पाहिलं. ट्रामला खरंच दोन दारं असतात का ते पाहिलं. मुलानं विचारलं, आई, तुला जायचंय का तिकडे? मी म्हटलं, गप्प बस.

दिवाळीनंतर फ्लेक्स लागला नाही. याचीच मला जास्त धास्ती वाटली. चौकातून भाजी आणताना मी दोनदा वर मान करून पाहिलं, तिथे अजून दिवाळीच्या शुभेच्छाच लटकत होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. हिंदुराव, आणि त्यांच्या मागे राजनंदिनी. हिंदुरावांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. राजनंदिनी आत आली आणि दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर बसली. मी घाईघाईनं विचारलं, "सगळे आलात ना परत?"

"समदी आली," हिंदुराव म्हणाले. "बाई, तुमाला येक सांगायचं हुतं. तुमी त्या दिवशी बोलला न्हवं, तेच."

ते खुर्चीच्या काठावर बसले आणि मांड्यांवर हात ठेवून सांगायला लागले.

लिस्बनच्या विमानतळावर पासपोर्ट बघायचा काउंटर. आमच्याकडं मोठ्या माणसाच्या पुढं पाऊल टाकत न्हाईत, ते म्हणाले, म्हणून कुठल्याही देशात शिरताना सोनबा पहिले. पण सोनबांना इंग्रजी बोलता येत नाही, म्हणून त्यांचा हात धरून राजनंदिनी. मागे हिंदुराव, बायको आणि साई. बाकीचे पिवळ्या रेघेच्या मागे. काउंटरवर एक तरुण साहेब होता, दाढीवाला. त्यानं पासपोर्ट चाळले, मग राजनंदिनीकडे बघून काहीतरी विचारलं.

"ही गप झाली, बाई. कधी गप हुत न्हाई. मग माझ्याकडं वळून म्हणली, बाबा, साहेब इचारत्यात, ही पोरगी किती वर्षांची हाय. म्हणलं, बारा. तर म्हणली, साहेब इचारत्यात, एवढ्या माणसांचा भार हिच्यावर का टाकलाय? तुमच्यात मोठं कुणी न्हाई का? पोरगी दमली, तिला भ्या वाटतं, हे कुणी तिला इचारलंय का?" हिंदुरावांनी रुमालानं मान पुसली. "मला घाम फुटला. म्हणलं, आता माघारी धाडत्यात का काय. वर्दीतला माणूस. आन खरंच इचारलं न्हवतं की हो कुणी. तुमी सांगितलं तर मी तुमाला व्हिडिओ दावत बसलो."

"मग काय म्हणालात?"

"हात जोडलं. म्हणलं, साहेबाला सांग, मला बोलाय येत न्हाई. नववीत शाळा सुटली. चार माणसांत इंग्रजी कानावर आलं की मी मागं सरकतो. म्हणलं, सांग त्याला, मी डोंगर बघाया हिंडत न्हाई. डोंगरातलं मला काय कळतंय? पोरगी साहेबलोकांशी बोलती, ते ऐकाया हिंडतो. ती बोलती तवा मला वाटतं, मीच बोलतोय." ते माझ्याकडे बघत नव्हते, मुलीकडेही नाही. "आन म्हणलं, तिला भ्या वाटतं हे मला म्हाईत न्हवतं. आईशप्पथ म्हाईत न्हवतं, असं सांग साहेबाला. चुकलं म्हणावं. पुन्यांदा न्हाई हुनार."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी ते लपवलं नाही. या वयात लपवायला वेळ कुठे असतो.

"मग हिनं समदं त्याला सांगितलं," हिंदुराव म्हणाले. "साहेबानं ऐकलं, मान हलवली, शिक्का मारला. पटलं आसंल त्याला. लई भला माणूस, बाई. चौदा देश झालं, पर कुठल्या साहेबानं लेकराचं इचारलं न्हवतं. बाहीर आलो तसा पयला एजंटला फोन लावला, म्हणलं, हिंदी बोलणारा माणूस बघ, आत्ताच्या आत्ता. संध्याकाळपातूर गाइड आला. माणसं मी मोजली. नऊ दिवस मीच मोजली. आमचं वडील एकदा गेलतं मासळीच्या बाजारात, पर घावलं."

त्यांना कार्यालयात कोणी वाट बघत होतं, म्हणून ते उठले. डबा माझ्या हातात दिला. राजनंदिनीला म्हणाले, "तू बस, आब्यास कर," आणि लिफ्टकडे गेले. लिफ्टचं दार वाजलं. राजनंदिनीनं तिकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

मी तिच्यासमोर बसले. चौतीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई आहे मी, कोणत्या मुलानं कोणाचं उत्तर पाहून लिहिलंय ते मला चार बाकांवरून कळतं. विमानतळावर रांगेत शेकडो माणसं उभी असताना बारा वर्षांच्या मुलीच्या मनाची चौकशी करणारा साहेब मला जगाच्या नकाशावर कुठेच बसत नव्हता.

"राजनंदिनी," मी म्हटलं, "त्या साहेबांनी खरंच असं विचारलं?"

तिनं दाराकडे पाहिलं नाही. पाय हलत होता, तो थांबला. "त्यांनी विचारलं, किती दिवस राहणार."

"एवढंच?"

"हो. मग बाबा बोलत होते तेव्हा त्यांनी परत एकदा विचारलं. हाउ मेनी डेज."

"आणि बाबांनी हात जोडून जे एवढं सांगितलं, त्याचं तू इंग्रजीत काय केलंस?"

"नाइन डेज, सर," ती म्हणाली.

मला हसू आलं. त्या परक्या साहेबासमोर एका बापानं आयुष्यात पहिल्यांदा मन उघडं केलं होतं, आणि साहेबाच्या कानावर पडले होते तीन शब्द. मी म्हटलं, "अगं, पण मग त्यातलं तू त्यांना काहीच नाही सांगितलंस."

"ते त्यांना कशाला सांगायचं, टीचर?" राजनंदिनी म्हणाली. "ते मला ऐकायचं होतं."